भिंतीला न मारलेलं पाणी

प्रिय नेम्या,

दोन गल्ल्या पलीकडे राहणारा माणूस टपालाने पत्र पाठवतो म्हणजे याचं डोकं फिरलं, असं तू म्हणशील. म्हण. पाकिटावर फक्त तुझं नाव घातलंय आणि खाली रेघही मारलीय, तरी तुझ्या घरात माझी बहीण ते आधी उघडेल अशी धास्ती आहेच. उघडलंच असेल तर तिला सांग, इथवर वाचलंस तेवढं पुरे, पुढचं आधी त्याला वाचू दे. हे पत्र लिहायला मी तीनदा बसलो. पहिल्यांदा शाई सांडली. दुसऱ्यांदा गुडघ्यांचं रडगाणं गाण्यात दोन पानं गेली आणि सांगायचं ते राहूनच गेलं. पाचवीत शाळा सुटलेल्या माणसाला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, त्यात मुद्दा असा की त्याच्याकडे पाय वळतच नाहीत.

येत्या गुरुवारी तू नदीकाठच्या त्या काँक्रीटच्या ठाण्यावर जाणार. पंचेचाळीस वर्षांनी तिथे मेलेल्या जवानांच्या नावांची शिळा बसवताहेत, त्यांच्या घरची माणसं येणार आहेत, आणि तू पत्र लिहून, मागे लागून, बोलायला पाच मिनिटं मागून घेतलीस. त्या सगळ्यांपुढे उभा राहून तू माफी मागणार आहेस. मागच्या रविवारी मी तुला अडवायला तीन कारणं सांगितली, लांबचा प्रवास, तिथली थंडी, तुझा दमा. तू हसलास आणि म्हणालास, "घाबऱ्या, तुझं काय जातंय? गोळे मी डागले होते." मी उरलेला चहा घशाखाली ढकलला आणि घरी आलो. तेव्हापासून धड झोप नाही, धड जेवण नाही. तू माफी मागायच्या आधी एक गोष्ट तुझ्या कानावर गेलीच पाहिजे, आणि ती सांगायला माझ्याकडे गुरुवारपर्यंतचाच वेळ उरलाय.

लढाईच्या काळात मी तोफगोळ्यांच्या चाचणीच्या मैदानावर होतो एवढं तुला माहीत आहे. पण तिथे मी नेमकं काय करायचो ते तू कधी नीट विचारलं नाहीस आणि मी कधी नीट सांगितलं नाही. लोकांना वाटायचं मी गोळे बनवतो. मी भिंती बनवायचो. काँक्रीट फोडणारा गोळा तू माझ्यापेक्षा जास्त हाताळला आहेस. पुढचं नाक भरीव पोलादाचं, बाकीच्या गोळ्यांना पेटवणी पुढे असते ती याला मागे, बुडाशी. आधी भिंतीत घुसायचं, पार व्हायचं आणि मग आत जाऊन फुटायचं. पण तो घुसतो की नाही हे कळायला समोर भिंत हवी. शत्रूच्या ठाण्याच्या भिंतीइतकी जाड, तितकीच पक्की. ती मी उभी करायचो आणि साहेब ती फोडायचे. फुटायच्या भिंती बांधणारा गवंडी म्हणून सगळे माझी टर उडवायचे. मैदानावरचा पहारेकरी म्हणायचा, "तुझ्यासारखा नशीबवान गवंडी नाही बाबा, तुझी भिंत पडली तरी तुलाच शाबासकी."

काँक्रीट भरलं की काम संपलं असं लोकांना वाटतं, पण खरं काम तिथून सुरू होतं. नवी भिंत म्हणजे तान्हं पोर. तिच्यावर गोणपाट टाकायचं आणि ते सकाळ, दुपार, संध्याकाळ भिजवायचं. पहिले आठ-दहा दिवस यात खाडा झाला तर भिंत वरून धडधाकट दिसते, पण तिच्यात जीव येत नाही. आमच्याकडे भिंतीला एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं असायचं. त्यावर चौकटी, दिवसाला तीन. पाणी मारलं की चौकटीत सही करायची. शिवाय भिंतीत जो माल पडला त्याचेच चार ठोकळे भरून कचेरीमागच्या हौदात बुडवून ठेवायचे. चाचणीच्या दिवशी ते ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि किती भार घेतला ते बघायचं. ठोकळे पक्के तर भिंत पक्की, असा सरळ हिशोब. हे सगळं मी तुला शिकवत नाहीये. हे ठाऊक असल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून लिहितोय.

आता तुझं लग्न. तुला दहा दिवसांची रजा मिळाली आणि तुम्ही दोघांनी, परत कधी सुट्टी मिळेल कुणास ठाऊक, म्हणून आठवड्याच्या आत लग्न ठरवून टाकलं. तुझ्या त्या नव्या गोळ्यासाठीची भिंत मी त्याच आठवड्यात भरत होतो. अर्धी झाली होती. मी साहेबांकडे रजा मागितली, त्यांनी दिली नाही. म्हणाले, आघाडीवरून रोज तारा येताहेत, ही भिंत झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही. मी तुला तसं कळवलं आणि तुझं उलट पत्र आलं. ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "सख्ख्या बहिणीचं लग्न आणि तू भिंतीला पाणी मारत बसणार? भिंत काय बाळंत होणार आहे का? ये मुकाट्याने, नाहीतर जन्मभर तुला साला म्हणून हाक मारीन आणि तीही शिवी म्हणूनच."

मी आलो. साहेबांना न सांगता आलो. शनिवारी सकाळी भिंतीचा वरचा अर्धा भाग भरायचा बाकी होता. नियमाने त्याला दोन दिवस लागले असते, कारण घट्ट माल थराथराने टाकायचा आणि धुमसाने ठोकून बसवायचा असतो. मी मालात बादल्या भरभरून पाणी घातलं. पातळ माल आपोआप पसरतो, ठोकावा लागत नाही. दुपारपर्यंत भिंत भरली. चार ठोकळे मी आदल्याच दिवशी चांगल्या, घट्ट मालाचे भरून हौदात सोडले होते. वर गोणपाट टाकलं, एकदाच भिजवलं आणि पिशवी उचलली. पहाऱ्यावरच्या त्या माणसाला सांगितलं, बहिणीचं लग्न आहे. तो म्हणाला, "जा रे बाबा, भिंत काही पळून जात नाही." आणि तोंड वळवून उभा राहिला. नेम्या, जिथे पाणी कमी हवं तिथे मी ते ओतलं आणि जिथे जास्त हवं तिथे थेंब टाकला नाही. कामाला लागलेल्या पहिल्या दिवशीच्या पोरालाही हे कळतं.

लग्न तिसऱ्या दिवशी उरकलं. मी चौथ्या दिवशी परतलो असतो तरी पुष्कळ सावरलं असतं. मी नऊ दिवस राहिलो. कुणी हात धरला नव्हता. घरचं जेवण होतं, तू होतास, पाहुणे होते, दुपारभर पत्त्यांचा डाव रंगायचा आणि तू प्रत्येक वेळी मला लुबाडायचास. किती कडक ऊन पडलं होतं ते आठवतं का? आपण खिडकीला ओला पडदा लावून बसायचो. तो पडदा मीच दर तासाला भिजवत होतो. तो भिजवताना मला भिंतीची आठवण झाली नाही असं म्हणालो तर ते या पत्रातलं पहिलं खोटं होईल. झाली होती. मी मनात म्हटलं, उद्या निघू.

परतलो तेव्हा गोणपाट वाळून पापडासारखं कडक झालं होतं. भिंतीवर बारीक भेगांचं जाळं पडलं होतं आणि वरच्या भागावर नख घासलं की पीठ निघत होतं. साहेब ते सगळे दिवस दुसऱ्या मैदानावर होते, ते आणखी दोन दिवसांनी आले. तेवढ्यात मी वरून सिमेंटचं पातळ पाणी फासून भेगा बुजवल्या. मग खोलीत बसून कार्ड भरलं. नऊ दिवसांच्या सत्तावीस चौकटी. सगळ्या सह्या एका दमात केल्यासारख्या दिसू नयेत म्हणून मी दोन पेन्सिली घेतल्या, एक टोकदार आणि एक बोथट. मधेच एका चौकटीवर ओलं बोट फिरवलं, पाणी उडाल्यासारखं दिसावं म्हणून. माझ्या आयुष्यात एवढं डोकं लावून मी दुसरं काहीही लिहिलेलं नाही, हे पत्रसुद्धा नाही.

चाचणीच्या दिवशी आधी ठोकळे दाबले. ते पहिलवान निघाले. निघणारच, चांगल्या मालाचे होते आणि अठ्ठावीस दिवस हौदात सुखाने बुडून बसले होते. मग गोळे डागले. पहिला भिंतीत रुतला. दुसरा वरच्या भागात लागला, सरळ पार गेला आणि पलीकडे जाऊन फुटला. तिसराही तसाच. साहेब टोपी काढून नाचायचेच बाकी होते. आणखी एक भिंत बांधून पुन्हा तपासावं असं एक तरुण इंजिनिअर म्हणाला, त्याला सगळ्यांनी गप्प केलं, तेवढा वेळ कुणाकडे होता? गोळा पास झाला. मला मैदानावरच सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली. मी मान खाली घातली, तर लोकांना वाटलं माणूस लाजाळू आहे.

पुढचं तुझ्याकडचं आहे. तू ते मला एकदाच सांगितलंस, ट्रकच्या वजनकाट्यावर तुला नोकरी लागली त्या वर्षी, काट्याच्या बाकावर बसून. एकतीस गोळे. प्रत्येक वेळी नेम तू स्वतः धरलास. लहानपणी रस्त्याच्या टोकावरून दगड मारून खांबावरचा दिवा फोडायचास आणि पळायची पाळी माझ्यावर यायची, तोच तू. धूळ खाली बसली की दुर्बिणीतून बघायचास आणि भिंतीवर नुसते खळगे दिसायचे, वाटीएवढे, परातीएवढे. काही गोळे नाक फुटून खाली पडलेले. भिंत जिथल्या तिथे. पण हल्ल्याची वेळ ठरलेली होती, आणि आतली माणसं मेली असणार असं धरून आपले जवान उघड्या उतारावरून चालत निघाले. आतली माणसं जिवंत होती. आपले एकशे चौदा गेले, असं तू म्हणालास आणि मग तू बराच वेळ समोरून जाणाऱ्या ट्रकचं वजन करत राहिलास. मी तिथे बसून काय विचार करत होतो, सांगू? तिकडच्या कुणीतरी गवंड्याने ती भिंत महिनाभर नेमाने भिजवली असणार. त्याने आपलं काम केलं होतं.

चौकशीत काय झालं ते तुला पाठ आहे, पण एक पान तू पाहिलेलं नाहीस. तोफ ठीक होती. गोळा मैदानावर पास झालेला होता, तशाच भिंतीवर, तसा कागद होता. म्हणजे उरला तो नेम धरणारा. गोळा सरळ न लागता तिरका लागला म्हणून घसरला, असं त्यांनी लिहिलं आणि तुझी फीत काढून घेतली. त्याआधी एक कारकून आमच्या मैदानावर आला होता. त्याच्याकडे छापील कागद होता आणि त्यात माझ्यासाठी एकच प्रश्न. भिंतीला नियमाप्रमाणे पाणी मारले होते काय? मी "होय" लिहिलं आणि सही केली. आता मनाची तयारी करून वाच. ही चौकशी कुणाची आहे ते मला ठाऊक होतं. बहिणीचं पत्र चार दिवस आधीच आलं होतं. "दादा, यांच्यावर बालंट आलंय, हे जेवत नाहीत, तुला त्या गोळ्यांतलं काही कळत असेल तर सांग." ते पत्र माझ्या खिशात होतं तेव्हा मी "होय" लिहिलं. मला कुणी धमकावलं नव्हतं. कारकुनाला घाई होती आणि मला भीती वाटली, बस. तू मला घाबऱ्या म्हणतोस ते लाडाने म्हणतोस. त्या नावात किती माणसं मेली ते तुला माहीत नाही.

त्यानंतर तू कशावरही नेम धरला नाहीस. पोराने चेंडू टाकला तर तू तो हातात नेऊन द्यायचास, फेकायचा नाहीस. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी बहीण मला बोलावणं पाठवायची, आणि मी हातोडी घेऊन हजर. गल्लीतली माणसं तुला नेम्या म्हणायची ती टोमणा म्हणून, हे मला कळत होतं, तरी मी तेच नाव चालू ठेवलं, कारण अचानक बदललं असतं तर तू कारण विचारलं असतंस. आणि ती बाई आठवते? मुलाचा फोटो घेऊन आली होती. तुझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "जरा डोळे दाखवा हो तुमचे. तिरकं दिसतं का तुम्हाला?" तू चष्मा काढलास आणि खरंच तिला डोळे दाखवलेस. नुसता उभा राहिलास, ती बघेस्तोवर. मी स्वयंपाकघरात होतो. दाराआडून सगळं ऐकत होतो. बहीण तिच्यासाठी पाणी न्यायला आत आली आणि मला म्हणाली, "दादा, तू तरी बाहेर जा ना, काहीतरी बोल." मी तिला म्हटलं, माझ्या पोटात दुखतंय.

आणि तू त्याच रात्री जेवताना माझा हात धरून काय म्हणालास? "सगळे खोदून खोदून विचारतात. तू एकटाच त्या गोष्टीबद्दल कधी विचारत नाहीस." तू मला तेव्हा मारलं असतंस तर बरं झालं असतं.

हे वाचून तुझ्या मनात दोन गोष्टी येतील, त्या मीच लिहून टाकतो. पहिली म्हणजे मी लग्नाला आलो म्हणून हे झालं, मग थोडं पाप आपल्या माथी, असं तू म्हणशील. तू तसला माणूस आहेसच. तसं मुळीच म्हणू नकोस. लग्न तीन दिवसांचं होतं, पत्ते मी नऊ दिवस खेळलो. बहिणीलाही हे समजावून सांग, ती आधीच स्वतःला दोष द्यायला टपलेली असते. दुसरी म्हणजे, मी नातीच्या नवऱ्याला आडून विचारलं होतं, तो बांधकामातला इंजिनिअर आहे. तो म्हणाला, आजोबा, चार फूट जाड भिंत नऊ दिवसांत आतून तितकी वाळत नाही, आणि गोळे न चालण्याची इतरही कारणं असतील, पोलाद, तापमान, काय काय. मला आठवडाभर किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मग लक्षात आलं की त्याला मी पातळ मालाचं सांगितलंच नव्हतं. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनीही मी ठोकळे चांगल्या मालाचेच दाखवत होतो. नक्की काय झालं असतं ते मला कळणार नाही. पण गोळा खोट्या भिंतीवर पास झाला आणि खोट्या कार्डावर तू नापास झालास, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

आता हे आजच का, ते लिहितो. रविवारी निघताना तू मला गुरुवारचं भाषण दिलंस, एक पानभर, घडी घातलेलं. म्हणालास, तुझं अक्षर आणि शुद्धलेखन माझ्याहून बरं, जरा तपासून दे. मी ते घरी येऊन उघडलं. वर तू लिहिलंयस, चूक माझी होती, मी तुमच्यासमोर मान खाली घालून उभा आहे, तुमची माणसं माझ्यामुळे गेली, इतकी वर्षं मी तोंड लपवलं, आणि मी क्षमा मागायला आलो आहे, मिळावी असा आग्रह नाही. आणि मग शेवटून तिसरी ओळ. "गोळ्यांना कुणी दोष देऊ नये, ते ज्या भिंतीवर तपासले ती माझ्या मेहुण्याने लेकराला पाजावं तसं पाणी पाजून वाढवली होती." नेम्या, ही एक ओळ मी खोडली आहे. तिच्या जागी सत्तावीस चौकटींचं सगळं लिहिलं आहे, माझ्या नावानिशी. बाकी तुझं भाषण शब्दाला शब्द तसंच ठेवलंय, काहीच बदलावं लागलं नाही, प्रत्येक वाक्य मला बरोबर बसतं. तो कागद मी तुला परत देणार नाही. गुरुवारी पहाटेच्या गाडीने मी पुढे निघतोय, तू मागच्या गाडीने ये, शेजारी बसायची जबरदस्ती नाही. तिथे गेल्यावर तू त्या माणसांमध्ये बस. पाच मिनिटं माझी आहेत.

तुझाच, आणि इतकी वर्षं तुझ्या घरचा चहा प्यायलेला,
घाबऱ्या